बिल्ला आणेल त्याची वस्तू

भोयर सर,

शाळेच्या वार्षिक अंकासाठी तुमच्यावर एक पान लिहून द्या, असं हेडसर म्हणाले आणि मी ते दिलं. तुमचा जन्म, तुमची नोकरी, तुम्ही घडवलेले हुतूतूचे संघ, 'शिस्तप्रिय पण प्रेमळ' हे ठरलेले शब्द, सगळं त्यात जागच्या जागी आहे. तुम्ही ते वाचलं असतं तर म्हणाला असता, "बाई, हा कोन मानूस होय जी? चांगला दिसून राहिला." म्हणून हे दुसरं लिहायला बसले. हे अंकात जायचं नाही आणि कोणाला दाखवायचंही नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे.

गेलात तेही ऐन मे महिन्यात. शाळा बंद, पोरं गावोगाव पांगलेली, त्यामुळे तुमच्यासाठी अर्धी सुट्टीसुद्धा द्यावी लागली नाही. आयुष्यभर कोणाला फुकटची सुट्टी मिळू दिली नाहीत, जातानाही नाही. घाटावर तुमचे जुने खेळाडू चार-पाचच होते. बाकी आम्ही मास्तर लोक, घामानं निथळत, सावली शोधत उभे. मला रडू आलं नाही. घरी येऊन माठातलं पाणी प्यायले आणि मग आलं, ते आवरेना.

आपलं भांडण मी शाळेत रुजू झाले त्या दिवशीच सुरू झालं होतं. तुमची खेळाची खोली माझ्या इतिहासाच्या वर्गाला लागून. मी पानिपतापर्यंत पोचले की तुमची शिट्टी वाजायची. तक्रार घेऊन आले तर तुम्ही म्हणालात, "तुम्ही धरमपेठेतून येता, बाई. इकडल्या पोरायले जरा आवाजाची सवय आहे." मी चिडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही शिट्टी वाजवली नाही, नुसते हातवारे करत पोरांना पळवत होतात आणि माझा सगळा वर्ग खिडकीतून तुमच्याकडे बघत होता. शेवटी मीच सांगितलं, वाजवा बाबा तुमची शिट्टी.

पण खरं भांडण डब्याचं. ते आता एकटीनंच करायचं आहे.

त्या वर्षांत पोरांच्या दप्तरांत चाकू यायला लागले होते. सिनेमात खटक्याचा चाकू उघडला की थिएटरात शिट्ट्या पडायच्या आणि दुसऱ्या दिवशी तोच खटका आमच्या जिन्याखाली ऐकू यायचा. कोणाजवळ सायकलची चेन, कोणाजवळ लाकडी मुठीत ठोकलेला खिळा. इतवारीच्या एका गल्लीचं दुसऱ्या गल्लीशी वैर असलं की ते आमच्या आठवी-नववीच्या बाकांवर येऊन बसायचं. संस्थेच्या मंडळानं नियम केला, की शाळेच्या आवारात हत्यार सापडलं तर त्या मुलाचं नाव कमी करायचं. तो सुवाच्य अक्षरात लिहून फळ्यावर मीच लावला. मग हत्यार कशाला म्हणायचं यावर शिक्षकांची सभा बसली. कर्कटक हत्यार का? पेन्सिलीचं ब्लेड? लट्टूची आर? सुतारकामाच्या तासाची पटाशी? तुम्ही मागच्या बाकावरून म्हणालात, "सायकलची चेन सायकलले असली तं सामान, हातात असली तं हत्यार. आता पोराच्या हातात काय आहे ते पाहाले पोराकडे पाहा लागते, नियमाकडे नाई." सगळे हसले. मी हसले नाही, मला ते म्हणणं सोपं आणि सोयीचं वाटलं.

नियमात पहिला सापडला तो दहावीतला एक धिप्पाड मुलगा. त्याचं दप्तर मीच झडती घेऊन रिकामं केलं. मला त्याचा तेव्हा पश्चात्ताप झाला नाही, आजही नाही. वर्गात चाकू नको म्हणजे नको. तो दाखला घेऊन गेला आणि आठवडाभरात फाटकासमोरच्या पानठेल्यावर उभा राहायला लागला, त्याच चाकूसकट. तुम्ही मला खिडकीतून दाखवलंत. "बाई, आपन चाकू बाहीर काहाडला का पोरगं?"

त्यानंतर तुम्ही डबा ठेवलात. तुपाचा पत्र्याचा डबा, वर झाकण. सायकल स्टँड तुमच्याकडेच होतं आणि स्टँडचे ते पितळी बिल्लेही, जोडीजोडीचे, एक सायकलच्या हँडलला अडकवायचा आणि दुसरा पोराच्या खिशात. तीच रीत तुम्ही डब्याला लावली. सकाळी ज्याच्याजवळ जे असेल ते त्यानं डब्यात टाकायचं. तुम्ही सुतळीनं त्याला एक बिल्ला बांधणार आणि जोडीचा बिल्ला पोराच्या हातावर ठेवणार. संध्याकाळी बिल्ला दाखवायचा आणि वस्तू न्यायची. नाव विचारायचं नाही. पोर डब्याशी आलं की तुम्ही मान वळवून फाटकाजवळच्या कडुनिंबाकडे बघत उभे राहायचात, म्हणजे त्याला वाटू नये की आपल्याला ओळखलं.

मी म्हटलं, हा काय प्रकार आहे? हत्यार जप्त करायचं सोडून त्याची हमाली करता?

"पोरगं चाकू शाळेसाठी नाई आनत जी. रस्त्यासाठी आनते. घरून शाळेत येताना त्याले भेव लागते अन् शाळेतून घरी जाताना लागते. मी जप्त केला तं उद्या ते दप्तरात लपवीन. वापस भेटते म्हनून तं ठेवते."

"निदान नाव तरी लिहा. कोणाचं काय आहे ते कळायला नको?"

"नाव लिहिलं का डबा खाली राहीन."

"रिकामा राहिला तर राहू द्या."

"आन् चाकू कुठी राहीन, बाई?"

इथे आपलं भांडण नेहमी अडायचं. मी नियमाचा कागद पुढे करायची, तुम्ही डब्याचं झाकण उघडून आतला खडखडाट ऐकवायचात. हेडसरांना डबा दिसायचा आणि दिसायचाही नाही. तेवढ्या काळात शाळेत एकही मारामारी रक्तापर्यंत गेली नाही, हे खरं आहे. मी ते तुमच्या तोंडावर कबूल केलं नव्हतं. आता करते.

सुधाकर माझ्या नववीच्या वर्गात होता. अंगानं किरकोळ, अक्षर देखणं, उत्तर येत असलं तरी हात वर न करणारा. बाप नव्हता. आई, कौसल्याबाई, इतवारीत दाण्याच्या दुकानांत धान्य पाखडायला जायची. तुम्ही त्याला हुतूतूत घेतलंत कारण तो हातात सापडायचा नाही. एका सामन्यात त्यानं दहावीतल्या विजयला सगळ्यांसमोर चकवलं आणि प्रेक्षकांतून कोणीतरी विजयच्या बापावरून काही ओरडलं. ओरडणारा दुसराच होता, पण विजयनं राग धरला तो सुधाकरवर. घरी जाताना तुला बघतो, असं त्याला रोज ऐकवायला लागला. हे सगळं आपल्याला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की सुधाकर हल्ली संध्याकाळी एकटा न जाता घोळक्यामागून जातो.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर सायकल स्टँडच्या भिंतीशी विजयनं त्याला चाकू मारला. मी जिन्यात होते. आधी मला वाटलं की पोरं कुठल्या खेळाला जमली आहेत. गर्दीतून तुम्ही त्याला उचलून बाहेर आलात आणि रिक्षात घातलंत. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो तुमच्या मांडीवर गेला.

जरा वेळापूर्वीच विजयनं डब्याशी येऊन, बिल्ला देऊन तुमच्या हातून तो चाकू घेताना दहा-बारा पोरांनी पाहिलं होतं. झालं. गुंडाला त्याचा चाकू मास्तरनंच हातात दिला, असं गावभर झालं. विजयनंही पोलिसांना चाकू आपलाच म्हणून सांगितलं. दुसऱ्याच्या चाकूनं मारलं म्हणायची त्या पोराला लाज वाटली असावी. त्याला सुधारगृहात पाठवलं. तुमची चौकशी झाली, तुम्ही मान खाली घालून "हो, मीच दिला" एवढंच म्हणालात. पानठेल्यावरची माणसं तुम्ही दिसलात की गप्प व्हायची. तुमच्या दारावर कोणीतरी शेण फेकलं. वहिनींनी ते मुकाट्यानं धुतलं आणि तुम्हाला सांगितलंसुद्धा नाही, त्यांनी मला सांगितलं.

आणि मग त्या दुपारी तुम्ही मला खेळाच्या खोलीत बोलावलंत. हवा गेलेले चेंडू, लेझमांचा ढीग, त्या ढिगाशेजारी तुम्ही स्टुलावर. मला वाटलं राजीनाम्याचं काही असेल.

"बाई, तो चाकू विजयचा नोता. सुधाकरचा होता."

मला आधी कळलंच नाही. तुम्ही पुन्हा सांगितलंत. विजयच्या भीतीनं सुधाकरनंच कुठूनतरी चाकू आणला होता. बरेच दिवस तो सकाळी डब्यात ठेवायचा आणि संध्याकाळी नेऊन मुठीत धरून घरी जायचा. त्या दिवशी हुतूतूच्या सरावाला पोरांनी सदरे काढून खिडकीत ठेवले होते. सुधाकरच्या सदऱ्याच्या खिशात बिल्ला होता. तो विजयनं काढला.

"मी तोंड नाई पाहत होतो जी, पन हात तं दिसे ना. सकाळचा हात बारीक होता, बोटाले शाई. संध्याकाळी आला तो कड्याचा हात. माह्या ध्यानात आलं, बाई. ध्यानात आलं, का हात दुसरा आहे. अन् मी विचारलं नाई. न विचाराचा शब्द देल्ला होता ना पोरायले."

बाहेर तास बदलल्याची घंटा झाली. माझा तास होता, मी उठले नाही. तुम्ही म्हणालात, "मले वाटते, सुधाकर माह्याकडेच येऊन राहिला होता. बिल्ला हरवला म्हनून सांगाले. स्टँडच्या भिंतीपाशी पोचला होता बिचारा."

मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "बाई, मी विचाराले पायजे होतं का?"

सगळ्यांनी तुम्हाला समजावलं होतं. हेडसर म्हणाले होते, नशिबाचा भाग. वहिनी म्हणत होत्या, तुमच्या मनात काही वाईट नव्हतं. तुम्ही मला विचारलंत कारण मी गोड बोलणार नाही ही तुमची खात्री. मी बोललेच नाही. लेझमाच्या सुटलेल्या साखळीची कडी बसवत राहिले. तुम्ही थोडा वेळ वाट पाहिलीत आणि म्हणालात, "बरं." त्या शांततेचा अर्थ तुम्हाला कळला होता. तरी दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत माझ्याबरोबर चहा प्यायला यायचात ते येतच राहिलात. त्याबद्दल मी तुमची फार ऋणी आहे. खोटा दिलासा मागणारे मित्र पुष्कळ मिळतात.

पुढे एकदा मी विचारलं, हे चौकशीत का नाही सांगितलंत? निदान गुंडाला त्याचं हत्यार परत दिलं हा डाग तर पुसला गेला असता.

तुम्ही म्हणालात, सांगायलाच निघालो होतो. आधी कौसल्याबाईला सांगावं म्हणून तिच्या घरी गेलो. तिनं दारातच उभं केलं. शिव्या दिल्या नाहीत. नुसती म्हणत राहिली, "माहं पोरगं कोनाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्यापाशी काहीच नोतं जी. रिकाम्या हातानं मेलं माहं पोरगं."

"आता तिच्यापाशी तेवढंच आहे, बाई," तुम्ही म्हणालात. "ते कसं काहाडून घेऊ? मी आलो वापस. हे तुमच्यापाशीच राहू द्या."

राहू दिलं.

डबा गेला. फाटकावर दप्तरांची झडती सुरू झाली आणि ती कितीतरी वर्षं मी घेतली. एकही चाकू सापडला नाही. पुढे कळलं की पोरं बाहेरच्या नालीच्या पुलाखाली, विटेमागे ठेवून येतात. तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं, पण "मी म्हटलं होतं ना" असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. डब्यावर नाव लिहा हे मीही पुन्हा कधी बोलले नाही. आपल्या दोघांच्या पद्धतींत एक पोर मेलं आणि एक दाखला घेऊन पानठेल्यावर गेलं. यातलं बरोबर कुठलं, हे आपण चहावर एकदाही बोललो नाही, आणि बोललो असतो तरी ठरलं नसतं.

तुमच्यात एकच बदल झाला, तो बाकी कोणाच्या लक्षात आला की नाही कोण जाणे. कोणालाही काही देताना तुम्ही विचारायला लागलात. बॅट देताना, पाण्याची बाटली देताना, पोराच्या तोंडाकडे नीट बघून, "तुहीच ना?" माझी काळी छत्री वर्षानुवर्षं तुमच्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेली असायची. उन्हाळा असो की पावसाळा, शाळा सुटताना तुम्ही ती उचलून द्यायचात आणि म्हणायचात, "बाई, तुमचीच ना?" सगळ्या शाळेत तसली मोडक्या दांड्याची छत्री दुसरी नव्हती. सुरुवातीला मी हसायची. मग नुसतं "हो, माझीच" म्हणायला लागले. शेवटी दवाखान्यात भेटायला आले तेव्हा तुम्हाला धड उठता येत नव्हतं. खाटेला टेकवलेली छत्री तुम्ही चाचपडत माझ्याकडे सरकवलीत आणि तोंड हललं. आवाज आला नाही. मी म्हटलं, "माझीच आहे, सर." हे आपलं शेवटचं बोलणं.

आता तेरवीचं सांगते, कारण ते तुम्हाला सांगायलाच हवं.

पंगती बसत होत्या. दारात कौसल्याबाई येऊन उभी राहिली. केस पांढरे झाले आहेत, अंगावर दाण्याची बारीक धूळ, आता कळमन्याच्या धान्यबाजारात कामाला जाते म्हणाली. अंगणातल्या माना तिच्याकडे वळल्या. वहिनींनी तिला ओळखलं आणि तरी "या" म्हटलं. ती माझ्या शेजारी येऊन बसली. पत्रावळ वाढलेली होती, तिनं हात लावला नाही. तुमच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत राहिली.

मग मला म्हणाली, "बाई, तुम्ही माह्या सुधाकरले शिकवे ना?"

"हो."

"इतके वर्सं मी लोकायले पुसतो. सारे म्हनते, तो सर वाईट नोता, नशीब होतं. कोनी म्हनते, त्या पोट्ट्याची मती फिरली. मंग चूक कोनाचीच नाई का, बाई? एवढं पोरगं गेलं अन् चूक कोनाचीच नाई?" तिचा आवाज चढलेला नव्हता. "काहून देल्ला जी त्यायनं त्या पोट्ट्याले त्याचा चाकू?"

'त्याचा' या शब्दाशी मी अडखळले. दोन वाक्यांत तुमच्यावरचा डाग पुसता आला असता. चाकू त्याचा नव्हता, कौसल्याबाई, तुमच्या मुलाचा होता. वहिनी आमच्याच पंगतीत वरण वाढत होत्या, त्यांच्यासाठी तरी हे कोणीतरी एकदा मोठ्यानं म्हणायला हवं होतं. त्यांनी धुतलेलं शेण मला आठवलं. माझ्या जिभेवर आलं होतं, सर, अगदी खरं सांगते.

मी म्हटलं, "चूक झाली त्यांची. त्यांनी विचारायला पाहिजे होतं."

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "हो ना? कोनीतरी म्हटलं." तिनं पदरानं तोंड पुसलं, पत्रावळ पुढे ओढली आणि खाली मान घालून जेवायला लागली. तुमच्या घरचं अन्न तिनं पोटभर खाल्लं. पुन्हा भातही मागून घेतला.

तर तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर. तुम्हाला द्यायचं ते तिला दिलं. तुम्हाला दिलेला शब्द पाळण्यासाठी मला खोटं बोलावं लागलं असतं तर सोपं गेलं असतं. पण मी खोटं बोलले नाही. खेळाच्या खोलीतही मला हेच म्हणायचं होतं. तुम्ही त्या हाताला विचारायला हवं होतं, एकदाच, 'तुहाच ना?' एवढं. आणि तरी तुमच्याइतका चांगला माणूस त्या शाळेत मी पाहिला नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा धरायच्या ते मला अजून जमलेलं नाही.

वहिनींनी ऐकलं. मी वर बघितलं तेव्हा त्यांच्या हातातला वरणाचा डाव तसाच थांबलेला होता. माझी पत्रावळ वगळून त्या पुढे गेल्या. त्यांच्याकडे जाऊन मी काय सांगणार होते? जे सांगता आलं असतं ते तुम्ही माझ्यापाशी ठेवून गेला आहात.

निघाले तेव्हा बाहेर ऊन रणरणत होतं. मी चपला घालत होते. वहिनी आतून माझी छत्री घेऊन आल्या, उंबरठ्याशी उभ्या राहिल्या आणि अंगणाकडे मान वळवून त्यांनी ती माझ्या हातात दिली. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. काही विचारलंही नाही.